बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतरची वजनाची पठारावस्था : स्वरूप, कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना :

अध्ययन वक्ररेषेतील 'पठारावस्था' ही संकल्पना शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. अमेरिकेतील ब्रायन व हार्टर यांनी १८९७ मध्ये तारयंत्र चालविण्यास शिकणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरावाने प्रगती होत असताना मध्येच काही काळ आलेख सपाट होतो, ही बाब त्यातून पुढे आली. लठ्ठपणावरील म्हणजेच बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन घटण्याच्या आलेखातही असाच सपाट टप्पा येतो. त्यालाही पठारावस्था असेच म्हटले जाते. तथापि या दोहोंत एक महत्त्वाचा फरक आहे. अध्ययनातील पठार हे सामान्यतः पुढील प्रगतीपूर्वीचे मानले जाते. वजनाच्या बाबतीत मात्र काही पठारे हा केवळ थांबा असतो, काही पठारे हे मुक्कामाचे ठिकाण असते, तर काही पठारांवरून उलट प्रवास सुरू होतो.

हा फरक लक्षात न घेतल्यास त्याचे परिणाम गंभीर होतात. मोठा खर्च व शस्त्रक्रियेचा धोका पत्करलेल्या व्यक्तीचे वजन घटणे थांबले की 'तोंडावर ताबा नाही' असा शेरा घरातून व समाजातून सहजपणे मारला जातो. अपराधी भावनेपोटी ती व्यक्ती आधीच तुटपुंजा असलेला आहार आणखी कमी करते किंवा संकोचाने डॉक्टरांकडे जाणेच सोडून देते. या दोन्ही प्रतिक्रिया पठारावस्थेपेक्षा अधिक घातक आहेत. म्हणूनच या अवस्थेचे शास्त्रीय आकलन आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. बॅरिएट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावण्याची शरीरशास्त्रीय कारणे स्पष्ट करणे.
२. पठारावस्थेचे प्रकार व त्यांतील भेद समजून घेणे.
३. प्रकारानुसार योग्य उपायांची मांडणी करणे.

प्रस्तुत लेखाचे स्वरूप विवेचनात्मक असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. तो वैयक्तिक वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही.

शस्त्रक्रियेचे कार्य :

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया प्रथम केली. आजच्या बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची साधारण ३० मिलिलिटरची छोटी पिशवी तयार करून ती लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडली जाते. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' या दुसऱ्या प्रचलित पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकून उरलेल्या जठराला नळीसारखा आकार दिला जातो.

या शस्त्रक्रियांमुळे केवळ पोटाची क्षमता कमी होते, हा समज अपुरा आहे. १९९९ मध्ये जपानमधील कोजिमा व कांगावा यांच्या गटाने घ्रेलिन हे भूक वाढविणारे संप्रेरक शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्ह पद्धतीत नेमका हाच भाग काढला जात असल्याने भूक मंदावते. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचल्याने जीएलपी-१ सारखी तृप्तीची जाणीव देणारी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवतात. अर्थात शस्त्रक्रिया वजनाचे नियमन करणारी यंत्रणाच काही अंशी बदलते. मात्र ती ही यंत्रणा बंद करीत नाही. पठारावस्थेचे मूळ या मर्यादेत आहे.

ऊर्जेचा हिशेब आणि वजनाचे स्थिरावणे :

शरीरातील १ किलोग्रॅम वजन म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी, हा ठोकताळा सर्वत्र वापरला जातो. त्यानुसार दररोज ५०० किलोकॅलरी कमी घेणाऱ्या व्यक्तीचे वजन वर्षाला जवळपास २४ किलोग्रॅमने घटले पाहिजे. हाच हिशेब पुढे नेल्यास १०० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती साडेचार वर्षांच्या आतच शून्यावर येईल! हा निष्कर्ष उघडपणे अशक्य आहे. वजन घटते तसा शरीराचा खर्चही घटतो, ही गोष्ट या ठोकताळ्यात विचारातच घेतलेली नाही.

अमेरिकेतील संशोधक केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात सुधारित गणिती मांडणी केली. तीनुसार सर्वसाधारण स्थूल प्रौढाच्या वजनात १ किलोग्रॅमचा टिकाऊ फरक पडण्यासाठी रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींचा कायमचा फरक असावा लागतो. या ढोबळ हिशेबाने ३० किलोग्रॅम वजन कमी झालेल्या व्यक्तीला पूर्वीपेक्षा दररोज सुमारे ७०० किलोकॅलरी कमी लागतात. एकेकाळी वजन घटविणारा आहार कालांतराने केवळ वजन टिकविणारा ठरतो, तो यामुळेच. आहार तोच राहतो, पण शरीर बदललेले असते.

याखेरीज शरीर बचावात्मक काटकसरही करते. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाव्यय मात्र वजनातील घटीच्या तुलनेत अधिक कमी झाला. १९९५ मध्ये लीबेल, रोझेनबॉम व हर्श यांनी असे दाखविले की, १० टक्के कमी झालेले वजन टिकविणाऱ्या व्यक्तींचा ऊर्जाव्यय त्यांच्या नव्या शरीराच्या मानानेही अपेक्षेपेक्षा कमी असतो. मेदपेशींतून स्रवणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाची पातळी घटणे हे याचे एक प्रमुख कारण आहे. मेद कमी झाला की लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ 'उपासमार' असा लावतो. म्हणजेच पठारावस्था हा इच्छाशक्तीचा पराभव नसून शरीराने साधलेला नवा समतोल होय.

पठारावस्थेचे तीन प्रकार :

(अ) अल्पकालीन थांबा : शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांतच वजन अचानक थांबल्याचा अनुभव अनेकांना येतो. प्रारंभी शरीरातील ग्लायकोजेनचा साठा वापरला जातो. त्याच्यासोबत त्याच्या सुमारे तिप्पट पाणीही बाहेर पडते. त्यामुळे सुरुवातीचे वजन झपाट्याने घटते. पुढे पाण्याचे संतुलन पुन्हा साधले जात असताना मेद घटत राहूनही वजनकाट्यावर फरक दिसत नाही. येथे उपायापेक्षा संयमाची गरज असते. वजन रोज न करता आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी करावे. त्यासोबत कंबरेचा घेर मोजावा, म्हणजे खरे चित्र स्पष्ट होते.

(आ) अपेक्षित स्थैर्य : साधारण एक ते दोन वर्षांच्या दरम्यान वजन स्थिरावणे हा शस्त्रक्रियेचा नियमित क्रम आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या व्यक्तींचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले होते. दहा वर्षांनंतर ही घट २५ टक्के होती. वजन थोडे वाढूनही शस्त्रक्रिया झालेल्या गटातील मृत्यूचे प्रमाण तुलना गटापेक्षा कमी असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसून आले. मनात धरलेला आकडा गाठला नाही म्हणून हे पठार अपयश ठरत नाही. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, झोपेतील श्वसनविकार यांत झालेली सुधारणा हाच येथे खरा निकष होय.

(इ) अपुरा प्रतिसाद व पुनर्वृद्धी : लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ मध्ये एकमताने व्याख्या मांडल्या. एकूण वजनातील घट २० टक्क्यांहून कमी असणे किंवा लठ्ठपणाशी निगडित आजारांत पुरेशी सुधारणा न होणे हा अपुरा प्रतिसाद मानला जातो. घटलेल्या वजनापैकी ३० टक्क्यांहून अधिक वजन परत येणे ही दखलपात्र पुनर्वृद्धी होय. येथे केवळ धीर धरून भागत नाही. सविस्तर तपासणी आवश्यक ठरते.

भारतीय शरीररचनेचा संदर्भ :

पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२.३ असूनही युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते. भारतीय शरीरात समान वजनाला मेद अधिक व स्नायू कमी असतात, ही बाब त्यातून ठळकपणे पुढे आली.

पठारावस्थेच्या दृष्टीने या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे. वेगाने वजन घटताना मेदासोबत स्नायूही झिजतात. स्नायूंची ही पुंजी मुळातच कमी असलेल्या व्यक्तीने पठार ओलांडण्यासाठी उपासाचा मार्ग धरल्यास काट्यावरील आकडा कदाचित हलेल, पण शरीराची ताकद व विश्रांतीतील ऊर्जाव्यय दोन्ही घटतील. त्यामुळे 'वजन किती घटले' यापेक्षा 'काय घटले' हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

उपाययोजना :

१. आहार : शस्त्रक्रियेनंतर दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असा सर्वसाधारण वैद्यकीय संकेत आहे. शाकाहारी व्यक्तीसाठी हे उद्दिष्ट सोपे नाही. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असली तरी एक वाटी पातळ वरणात फारच थोडी डाळ असते. छोट्या जठरात आधी भात-पोळी गेली की उसळीला जागा उरत नाही. म्हणून जेवणाचा क्रम बदलून प्रथम घट्ट डाळ, मटकी-मुगाची उसळ, पनीर, सोयाबीन, अंडी किंवा मासे घ्यावेत. नंतर भाजी आणि शेवटी पोळी-भात घ्यावा. पाणी जेवणासोबत न घेता काही वेळाने प्यावे.

दुसरीकडे, मऊ व विरघळणारे पदार्थ लहान झालेल्या जठरातूनही सहज पुढे सरकतात. चहात बुडविलेली बिस्किटे, शेव-चिवडा, शिरा, लाडू, गोड सरबते यांनी पोट भरल्याची जाणीव होत नाही, पण ऊर्जा मात्र भरपूर मिळते. उपवासाची साबुदाणा खिचडी ही मुख्यतः पिष्टमय व तेलकट असते, हेही ध्यानात घ्यावे. आठवडाभर प्रत्येक घासाची प्रामाणिक नोंद ठेवल्यास अशा अनेक बाबी लक्षात येतात. बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने शोषले जाते. त्यामुळे ऊर्जेबरोबरच व्यसनाचा धोकाही वाढतो.

२. व्यायाम : चालणे उपयुक्त आहेच, परंतु स्नायू टिकविण्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा वजने उचलणे, रबरी पट्ट्यांचे व्यायाम, खुर्चीवरून उठ-बस यांसारखे प्रतिरोधक व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावेत. व्यायामाने पठार लगेच ओलांडले जाईलच असे नाही. घटलेले वजन टिकविण्यात मात्र त्याचा वाटा मोठा असतो.

३. वैद्यकीय तपासणी : थायरॉइडचे विकार, अपुरी झोप, नैराश्य तसेच इन्सुलिन, स्टेरॉइड, काही मनोविकारांवरील औषधे यांमुळेही वजन वाढते. लोह, बी-१२ व ड जीवनसत्त्वांच्या कमतरतेमुळे येणारा थकवा हालचाल कमी करतो. वारंवार उलट्या होत असतील तर थायमिनची कमतरता मज्जासंस्थेला इजा करू शकते. अशा वेळी आहार कमी करणे धोक्याचे असून तातडीने डॉक्टरांना दाखवावे. जठराची पिशवी किंवा तिचा जोड रुंदावला आहे का, हे दुर्बिणीद्वारे व क्ष-किरण तपासणीने कळते.

४. औषधे व पुनर्शस्त्रक्रिया : लंडनमधील एका अभ्यासात शस्त्रक्रियेला अपुरा प्रतिसाद मिळालेल्या ७० व्यक्तींवर २४ आठवडे चाचणी करण्यात आली. लिराग्लुटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी ८.८ टक्क्यांनी, तर निष्क्रिय औषध घेणाऱ्यांचे जेमतेम अर्ध्या टक्क्याने घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड व वजनासाठीचे सेमाग्लुटाइड उपलब्ध झाले आहे. मात्र ही औषधे भूक आणखी कमी करीत असल्याने प्रथिने व जीवनसत्त्वे यांवर देखरेख नसल्यास त्यांचा वापर हितावह नाही. पुनर्शस्त्रक्रियेत पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा गुंतागुंतीचा धोका अधिक असतो. म्हणून तो विचार शेवटी करावा.

निष्कर्ष :

१. पठारावस्था ही घटलेल्या वजनाबरोबर घटलेल्या ऊर्जाव्ययाची स्वाभाविक परिणती आहे.
२. थांबा, स्थैर्य व पुनर्वृद्धी या तिन्हींचे उपाय भिन्न आहेत. प्रकार ओळखल्याशिवाय केलेला उपाय निष्फळ किंवा अपायकारक ठरतो.
३. आहार आणखी तोडणे हा उपाय नव्हे. प्रथिने व प्रतिरोधक व्यायाम यांद्वारे स्नायूंचे रक्षण करणे हे पहिले कर्तव्य होय.
४. पुनर्वृद्धी झाल्यास औषधांची मदत घेणे हे कमकुवतपणाचे लक्षण नसून दीर्घकालीन आजाराच्या उपचाराचा तो पुढील टप्पा आहे.

समारोप :

रक्तदाबाच्या रुग्णाला दुसरी गोळी सुरू करावी लागली तर त्याच्या चारित्र्याविषयी कोणी शंका घेत नाही. लठ्ठपणाच्या बाबतीत मात्र हा न्याय अद्याप लावला जात नाही. काटा थांबलेली व्यक्ती टोमण्यांच्या भीतीने तपासणीपासून दूर राहिली, तर सहज भरून निघणारी कमतरता वर्षानुवर्षे तशीच राहते आणि परत येणारे वजन वेळेत लक्षात येत नाही. महाविद्यालयाच्या शिक्षकदालनात, कुटुंबात व मित्रपरिवारात अशा व्यक्तीला 'किती कमी झाले?' असे विचारण्याऐवजी 'तपासणीला जाऊन आलात का?' एवढे आपुलकीने विचारले गेले, तरी तिचा उपचारांशी असलेला संबंध टिकून राहण्यास मोठी मदत होईल.