दीर्घ पल्ल्याची डोंगरशर्यत व भारप्रशिक्षण

डोंगरातील पायवाटांवरून, मोठ्या चढउतारांसह, सामान्यतः मॅरॅथॉनच्या ४२·१९५ किमी.हून अधिक अंतराची धावण्याची शर्यत व तिच्या पूर्वतयारीत धावण्याच्या सरावाला दिलेली वजनांच्या व्यायामाची जोड. ही जोड चढापेक्षा उताराच्या दृष्टीने अधिक मोलाची असते. पुष्कळ धावपटूंच्या हे उशिरा ध्यानात येते.

कॅलिफोर्नियातील ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शर्यत याचे ठळक उदाहरण होय. १९७४ मध्ये गॉर्डी एन्सली याने सिएरा नेव्हाडा पर्वतातील १०० मैलांच्या अश्वशर्यतीचा मार्ग घोड्यावाचून, पायी धावत २३ तास ४२ मिनिटांत पार केला आणि त्यातून ही स्पर्धा उभी राहिली. सुमारे १६१ किमी. लांबीच्या या मार्गावर एकूण चढ सुमारे ५,५०० मी., तर उतार सुमारे ७,००० मी. आहे. पहिल्या ७ किमी.मध्येच धावपटू सुमारे २,६७० मी. उंचीच्या खिंडीत पोहोचतो. त्यापुढे चढ येतच राहतात, तथापि एकंदर वाट खाली ऑबर्न या गावाकडे जाते. ती ३० तासांच्या आत पुरी करावी लागते. दमसास शिल्लक असूनही केवळ मांड्या निकामी झाल्याने उतारावर चालत जाण्याची पाळी येणे, हा अशा शर्यतींतील नेहमीचा प्रकार आहे.

याचे कारण स्नायूंच्या कार्यपद्धतीत आहे. चढावर मांडीचे पुढचे स्नायू आखडत जाऊन शरीर वर ढकलतात. उतारावर हेच स्नायू ताणले जात असताना आकुंचित राहून शरीराचा वेग रोखतात. पाऊल टेकताना त्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीतिपटीने भार येतो. लांबत जाणाऱ्या या आकुंचनात ऑक्सिजन कमी लागतो, म्हणून उतार सोपा वाटतो. परंतु स्नायुतंतूंची सूक्ष्म मोडतोड याच क्रियेत सर्वाधिक होते. तिच्या वेदना २४ ते ७२ तासांत कळसास पोहोचतात. मोडतोड फार झाल्यास मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते व शरीरातील पाणी कमी झालेले असेल, तर मूत्रपिंडांना गंभीर इजा होऊ शकते. अशा आघाताला एकदा बेताने सामोरे गेलेला स्नायू मात्र पुढे काही आठवडे त्याच आघाताने कमी दुखावतो. भारप्रशिक्षणाचा एक मोठा लाभ या गुणधर्मातच आहे.

वजनांचा व्यायाम धावण्याला मारक ठरतो, ही समजूत जुनी आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा आठवडे एका गटाने केवळ ताकदीचा, दुसऱ्याने केवळ दमसासाचा व तिसऱ्याने दोन्ही प्रकारचा व्यायाम केला. तिसऱ्या गटाची ताकद सुमारे सात आठवडे वाढली, नंतर थबकली व अखेरीस घटली. ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता मात्र दुसऱ्या गटाइतकीच वाढली. म्हणजे तोटा झाला तो ताकदीचा. धावपटूंनी या प्रयोगाचा धसका घेण्याचे वस्तुतः कारण नव्हते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतील एका अभ्यासात धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, जेमतेम चार वेळाच उचलता येईल एवढे वजन खांद्यावर घेऊन अर्ध्या बैठका मारल्या. त्यांना ठराविक वेगासाठी लागणारा ऑक्सिजन सुमारे ५ टक्क्यांनी घटला, शरीराचे वजन मात्र वाढले नाही. असे प्रयोग बहुधा सपाट धावण्यावर झालेले असल्याने त्यांतील आकडे डोंगराला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

यावरून हलकी वजने पुष्कळदा उचलण्याची प्रचलित पद्धत धावपटूला फारशी उपयोगी नाही, असे दिसते. पुनरावृत्तीचे काम धावण्यात होतच असते. तालमीतील शेकडो बैठकांनी चिवटपणा येतो, कमाल ताकद वाढण्यास मात्र भार वाढवावा लागतो. मोठ्या भाराने अधिक स्नायुतंतू एकदम कामाला लावण्याची तंत्रिका तंत्राची क्षमता वाढते व कंडरा ताठ होतात. बारबेल घेऊन बैठका, डेडलिफ्ट, पोटरीसाठी टाचा उचलणे आणि पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणे हे मुख्य व्यायाम होत. शेवटचा दिसायला किरकोळ, पण उताराशी सर्वांत जवळचा आहे. नवशिक्याने आरंभी काही आठवडे हलक्या वजनाने कृती पक्की करून घ्यावी.

वजन वाढण्याची धास्ती मात्र निराधार नाही. धावताना दर किग्रॅ. शरीरभारामागे दर किमी.ला सुमारे १ किलोकॅलरी ऊर्जा खर्ची पडते. तेव्हा वाढीव १ किग्रॅ. १६१ किमी. वाहून नेण्यास सपाटीवरच सुमारे १६० किलोकॅलरी लागतील, चढाचा खर्च वेगळा. तथापि भरपूर धावणाऱ्याच्या पायांचे स्नायू सहसा फारसे फुगत नाहीत. त्याला अधिक धोका असतो तो अपुऱ्या आहाराचा. दोन्ही व्यायामांचा खर्च भरून न निघाल्यास संप्रेरकांचा समतोल ढळतो, स्त्रियांची मासिक पाळी थांबू शकते व हाडांना ताणभंग होतो.

शर्यतीच्या चारपाच महिने आधी आठवड्यातून दोनदा वजने घ्यावीत. धावण्याचे अंतर वाढू लागले, की एकदाच घेतल्यासही कमावलेली ताकद बव्हंशी टिकते. एकाच दिवशी दोन्ही करावयाचे असल्यास मध्ये किमान सहा तास जाऊ द्यावेत. जड वजनांचा दिवस व लांब उताराचा दिवस लागोपाठ ठेवणे इष्ट नव्हे. सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांच्या परिसरात धावणाऱ्यांना असा उतार सहज मिळतो. सपाट शहरात राहणाऱ्याला जिन्यावर किंवा वजनांवर अधिक विसंबावे लागते. शेवटचा मोठा उतार शर्यतीपूर्वी दोन ते तीन आठवडे घ्यावा, म्हणजे वेदना शमलेल्या असतात व संरक्षण शिल्लक असते. जड वजने अखेरच्या दहा दिवसांत बंद ठेवतात.