कॅमेरा घेताय? आधी फोटो ठरवा!

दोस्तांनो, वर्षभर साठवलेल्या पैशांचा डबा आता चांगला जड झालाय ना? मग घरात एकच धोशा सुरू होतो, ‘मला कॅमेरा हवा!’ आई म्हणते, “मोबाइलमध्ये आहे की!” बाबा विचारतात, “किती मेगापिक्सेलचा घ्यायचा?” दोघांचंही ऐकून घ्या. पण त्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा. मला फोटो कशाचे काढायचेत?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते पाहायला आपण चिंचोटीला जाऊ या. मनानेच हं! वसईजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चिंचोटी फाटा आहे. तिथून कामण-भिवंडीकडे रस्ता फुटतो. जवळच्या डोंगरात चिंचोटीचा धबधबा आहे आणि भोवती तुंगारेश्वर अभयारण्याचं रान. अशा रानात तीन प्रकारचे फोटो काढता येतात. धबधब्याचा, झाडाच्या शेंड्यावरच्या पक्ष्याचा आणि पानावर बसलेल्या फुलपाखराचा. गंमत म्हणजे, या तिघांच्या मागण्या तीन तऱ्हेच्या!

पाणी गोठवायचं की वाहवायचं?

कॅमेऱ्याला पापणी असते. तिला शटर म्हणतात. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तर पाण्याचे थेंब हवेतल्या हवेत गोठल्यासारखे दिसतात. तेच पाव सेकंद उघडं ठेवलं, तर पाणी सांडलेल्या दुधासारखं मऊ दिसतं. म्हणून धबधब्याच्या फोटोसाठी शटरचा वेग आपल्या हाताने ठरवता येईल असा कॅमेरा हवा. वरच्या चकतीवर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ आणि ‘एम’ ही अक्षरं आहेत का, ते बघा. पाव सेकंद हात स्थिर राहत नाही, त्यामुळे तिवईही लागेल. महागडी नको. कॅमेऱ्याचं वजन न डगमगता पेलणारी असली की झालं.

पक्षी जवळ येत नाही!

झाडाच्या शेंड्यावर बसलेला कोतवाल आपल्यासाठी खाली थोडाच येणार? इथे झूम लागतो. पण झूम दोन प्रकारचा. ‘ऑप्टिकल’ झूममध्ये भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात आणि पक्षी मोठा दिसतो. ‘डिजिटल’ झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून ताणायचा. तो ताणला की पिसं पुसट होतात. खोक्यावर मोठ्ठा आकडा छापलेला असला, तरी दुकानदाराला विचारा, “काका, यात ऑप्टिकल किती?” पक्ष्यांचं वेड असेल, तर लांब झूमचा, भिंग न बदलता येणारा ‘ब्रिज’ कॅमेरा कमी खर्चात बरंच काम करतो.

फुलपाखरू आणि मुंगी

राणी पाकोळी, म्हणजेच ब्लू मॉर्मन, हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. काळ्या मखमलीवर निळा रंग सांडल्यासारखे त्याचे पंख! अशा फोटोसाठी कॅमेरा किती जवळून फोकस करतो, ते पाहायचं. खिशात मावणारे कितीतरी छोटे कॅमेरे पाच सेंटिमीटरवरूनही स्पष्ट फोटो देतात. त्यांच्यावर फुलाचं छोटं चिन्ह असतं, तेच ‘मॅक्रो’. फुलपाखरू मात्र तेवढं जवळ गेलं की भुर्रकन उडतं. म्हणून सुरुवात कुंडीतल्या फुलापासून आणि भिंतीवरच्या मुंगीपासून करा.

मेगापिक्सेलचं गणित

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. छापलेला फोटो स्वच्छ दिसण्यासाठी एका इंचात ३०० ठिपके भरपूर झाले. मग ६ बाय ४ इंचांच्या फोटोला किती लागतील? १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार. जेमतेम दोन मेगापिक्सेल! भिंतीवर लावायच्या १० बाय ८ इंचांच्या फोटोला ७२ लाख, म्हणजे सात मेगापिक्सेलच्या आसपास. त्यापुढच्या आकड्यांसाठी जादा पैसे मोजण्याआधी विचार करा.

१९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यात फक्त दहा हजार ठिपके होते. फोटो साठायचा कॅसेटच्या फितीवर, आणि एक फोटो नोंदवायला लागायचे २३ सेकंद! तिथून आपण केवढे पुढे आलो, नाही का?

ठिपक्यांइतकाच महत्त्वाचा असतो सेन्सर. ती कॅमेऱ्याची खिडकी. खिडकी मोठी तर उजेड जास्त, आणि दाट रानातल्या अंधुक प्रकाशातही फोटो स्वच्छ. साध्या छोट्या कॅमेऱ्यात सेन्सरचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मिलिमीटर असतं. बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांत ते ३६८ चौरस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तेरा पट! २००६ साली आलेला निकॉनचा डी ४० सहाच मेगापिक्सेलचा, पण त्याची खिडकी ही मोठी. म्हणूनच असा जुना कॅमेरा अजूनही कामाचा ठरतो.

जुनं ते सोनं? तपासून घ्या!

जपानी कॅमेरा उद्योगाच्या नोंदींनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे विक्रीला गेले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. साध्या फोटोंचं काम मोबाइलने उचललं. त्यामुळे कितीतरी चांगले कॅमेरे कपाटात पडून आहेत. आधी काका, मामा, आत्या यांना विचारून पाहा. मुंबईत सीएसएमटी स्थानकाजवळचा बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे मोठ्या माणसांबरोबर जा, आणि घाई न करता हे तपासा:

* भिंगातून टॉर्चचा उजेड पाडा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. असा कॅमेरा घेऊ नका.
* भिंगावर झाकण ठेवून फोटो काढा. काळ्या फोटोत चमकणारे ठिपके फार दिसले, तर सेन्सर थकलाय.
* झूम पाच-सहा वेळा आतबाहेर करा. करकर ऐकू आली, की सावध!
* बॅटरी फुगलेली नाही ना? तशी नवी बॅटरी बाजारात मिळते का?
* कार्ड कोणतं लागतं? ‘एक्सडी’ किंवा ‘मेमरी स्टिक’ आता सहज मिळत नाहीत. ‘एसडी’ बरं. पण फार जुने कॅमेरे दोन जीबीहून मोठं एसडी कार्ड स्वीकारत नाहीत.
* भिंग वेगळं घेणार असाल, तर तुमच्या कॅमेऱ्यावर ते आपोआप फोकस होतं का? डी ४० वर जुनी काही भिंगं बसतात, पण फोकस हाताने फिरवावा लागतो.
* पावती आणि परत करण्याची मुदत लेखी मागा.

आईबाबांनो, हिशेबाचं एक साधं सूत्र: दहा रुपये असतील, तर कॅमेऱ्यावर आठच खर्च करा. उरलेले दोन कार्ड, जादा बॅटरी आणि पिशवी यांसाठी. शिवाय आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा त्यात ठेवा.

फोटोपेक्षा जीव मोठा

चिंचोटीच्या पाण्यात बुडून आजवर अनेकांचे जीव गेलेत. डोंगरात पाऊस झाला की पाणी बघता बघता वाढतं आणि शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नाही. म्हणूनच पावसाळ्यात पोलीस वेळोवेळी इथे बंदी घालतात. बंदी असताना जायचंच नाही. एरवीही मोठ्या माणसांशिवाय नाही, आणि पाण्यात उतरून फोटो तर मुळीच नाही. झूम कशासाठी घेतलाय? लांबून पाहण्यासाठीच ना!

आणि पाणी काय फक्त धबधब्यातच असतं? पावसाळ्यात छपराच्या पागोळ्या असतात, एरवी घरचा नळ असतो. दादासाहेब फाळके आठवा. १९१२ साली विमा पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी आधी काय टिपलं? कुंडीत पेरलेला वाटाणा! रोज थोडं थोडं चित्रण करत त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो त्यानंतर, १९१३ साली. कॅमेरा घेताना काय दाखवायचंय, हे त्यांना ठाऊक होतं.

करून पाहा

पैसे खर्च करण्याआधी एक महिना घरच्या मोबाइलवर रोज एकच फोटो काढा. प्रत्येक फोटोखाली वहीत लिहा, ‘इथे मोबाइल कुठे कमी पडला?’ महिन्याच्या शेवटी मोजा. ‘लांबचं दिसलं नाही’ जास्त वेळा आलं, तर झूम. ‘अंधारात खराब आला’ आलं, तर मोठा सेन्सर. ‘वेग ठरवता आला नाही’ आलं, तर हाताने चालवायचा कॅमेरा. आणि वही कोरीच राहिली तर? मग आईचंच बरोबर! डबा तसाच राहू द्या.