शस्त्र आणि कायदा (भाग 5) : परवान्याची हद्द

परवाना कसा मिळतो ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आता ते शस्त्र सोबत घेऊन प्रवास करायचा असेल तर? ‘परवाना आहे ना, मग कुठेही न्या’ हा समज इतका पक्का आहे की त्यापायी सरळमार्गी माणसं आरोपी होऊन बसतात.

परवाना उघडून पाहा. शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची मर्यादा यांच्या बरोबरीने त्यावर वैधतेचं क्षेत्र लिहिलेलं असतं : एखादा जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. समजा, सावंतवाडीच्या एका बागायतदाराच्या परवान्यावर फक्त ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ आहे आणि तो गाडीत रिव्हॉल्व्हर घेऊन बेळगावला निघाला. आंबोली घाट चढून पुढे गेलं की चंदगड तालुका लागतो, म्हणजे कोल्हापूर जिल्हा. कर्नाटकाची सीमा यायच्या आधीच त्याची हद्द संपलेली असते. तोच माणूस बांद्याहून पणजीकडे वळला, तर पत्रादेवीला गोवा सुरू होतो आणि महाराष्ट्रभर चालणारा परवानाही तिथे थांबतो. 1959 चा शस्त्र कायदा केंद्राचा आहे, सगळीकडे एकच आहे. परवान्याचं क्षेत्र मात्र ज्याचं त्याचं वेगळं. पिकांच्या राखणीसाठी दिलेल्या ठासणीच्या बंदुकीचं क्षेत्र तर आणखी आखूड, शेताशिवारापुरतं.

अटींचा भंग झाला तर कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांनी ‘इथे परवानाच नाही’ असं धरून कलम 25 लावलं, तर प्रकरण फार गंभीर होतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. शिवाय अटभंगासाठी परवाना रद्द होऊ शकतो तो वेगळाच. म्हणून कामासाठी वरचेवर बाहेर जावं लागत असेल, तर आधीच कारण आणि पुरावे जोडून परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे (मुंबई-पुण्यात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी) क्षेत्र वाढवून मागावं. बदलीमुळे तीस दिवसांहून जास्त काळ दुसरीकडे शस्त्रासह राहणार असाल, तर जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.

वाटेत कोणताही पोलीस परवाना पाहायला मागू शकतो, कलम 19 त्याला तो अधिकार देतं. म्हणून मूळ परवाना जवळच ठेवा. शस्त्र झाकलेलं असू द्या, आणि ते गाडीत ठेवून चालकाला एकट्याला पुढे पाठवू नका. परवानाधारक समोर असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तरच दुसऱ्याला ते नेता येतं, तेही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा धारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. प्रवासाचं टोक जत्रा किंवा लग्नाचा मांडव असेल, तर माझा आग्रह आहे की शस्त्र घरीच ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात ते नेता येतच नाही, आणि आनंदाच्या भरात हवेत झाडलेल्या गोळीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

विमानाने जाताना शस्त्र केबिनमध्ये चालत नाही. काउंटरवर आधी सांगायचं, ते रिकामं करायचं, काडतुसं वेगळी बांधायची आणि सगळं चेक-इन सामानात द्यायचं. विमान कंपनीचे नियम तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या.

विमानतळावर सर्वांत जास्त घोटाळा करतं ते बॅगेच्या चोरकप्प्यात विसरलेलं एखादं काडतूस. बॅग कधी काळी वडिलांची किंवा भावाची असते, क्ष-किरण यंत्रावर ते दिसतं आणि गुन्हा नोंदवला जातो. शस्त्र बाळगण्याच्या गुन्ह्यात ते आपल्याजवळ आहे याची जाणीवही असावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल खटल्यात सांगितलं आहे, आणि त्याच आधारे उच्च न्यायालयांनी असे कित्येक गुन्हे रद्द केले आहेत. पण त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. त्यापेक्षा निघण्याआधी बॅगेचा एकेक कप्पा उलटा करून झटका.

पुढील भागात : निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश