ब्लॅकलेटर: गॉथिक अक्षरांचा थाट

ब्लॅकलेटर हे रोमन लिपीचे मध्ययुगीन वळण बाराव्या शतकात उत्तर युरोपात रूढ झाले. रुंद, सपाट टोकाचा टाक तिरका धरून ते लिहीत. त्यामुळे उभ्या रेघा जाड, जोडरेघा बारीक आणि गोलाईच्या जागी कोन, असे त्याचे रूप झाले. देवनागरीची जाड-बारीक रेघही बोरूच्या तिरक्या तासलेल्या टोकातूनच आली आहे. ब्लॅकलेटरची अक्षरे एकमेकांना खेटून बसतात, आणि पान दुरून काळेभोर दिसते.

मायन्झच्या योहानेस गुटेनबर्गने 1455 च्या सुमारास बायबल छापले, ते याच वळणाच्या ‘टेक्स्टुरा’ या प्रकारात. हस्तलिखितासारखी प्रत्येक ओळ काठोकाठ भरावी म्हणून त्याने एकाच अक्षराचे कमी-अधिक रुंदीचे खिळे आणि कितीतरी जोडाक्षरे ओतवून घेतली. छपाईच्या आरंभीच इतकी बारकाई साधावी, ही थक्क करणारी गोष्ट आहे. इटलीत मानवतावादी विद्वानांनी हे वळण मागे टाकून रोमन ठसा पसंत केला. इंग्लंडमध्ये मात्र 1611 चे किंग जेम्स बायबलही ब्लॅकलेटरमध्येच निघाले.

जर्मनीने हे वळण सर्वांत जास्त काळ जपले. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्या 1513 च्या प्रार्थनापुस्तकाने ‘फ्राक्टुर’ या प्रकाराची वाट घालून दिली आणि पुढची चार शतके जर्मन पुस्तके, वर्तमानपत्रे त्याच वळणात छापली गेली. आज अनेकांना ही अक्षरे पाहताच नाझी राजवट आठवते. सुरुवातीला त्या राजवटीने ती मिरवलीही. पण जानेवारी 1941 मध्ये त्यांना ‘ज्यू अक्षरे’ ठरवून तिनेच ती सरकारी वापरातून काढून टाकली. त्या आरोपाला कसलाही आधार नव्हता.

आता हे वळण मजकुरासाठी नव्हे, नावासाठी वापरले जाते. न्यूयॉर्क टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांची नावे याच वळणात आहेत. पदवीपत्रे, बिअरच्या बाटल्यांवरील लेबले, मोटरहेडसारख्या रॉक बँडचे बोधचिन्ह, लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांतले गोंदण, अशा परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी ते शोभते. जुनेपणाचा मान आणि बंडखोरीचा दरारा ही दोन्ही एकाच वळणाला पेलतात, हे त्याचे खरे सामर्थ्य.

वापरताना मात्र पथ्ये पाळावी लागतात. एम, एन, यू, आय ही छोटी अक्षरे सारख्याच उभ्या दांड्यांची असल्याने लहान आकारात एकमेकांत मिसळून जातात. मोठी अक्षरे इतकी नक्षीदार असतात की सबंध शब्द त्यांत लावला तर तो वाचताच येत नाही. पहिलेच अक्षर मोठे ठेवावे. शीर्षकात अक्षरांमधले अंतरही वाढवू नये, कारण दाटपणा हाच या वळणाचा प्राण आहे. दोन-तीन शब्दांचे शीर्षक ब्लॅकलेटरमध्ये ठळक लावावे आणि त्याखालचा मजकूर साध्या रोमन अक्षरांत द्यावा.