घनद्रव्याची टाकी

टाकीतून नेतात तो द्रव आणि पोत्यातून नेतात तो घन, अशी सर्वसामान्य माणसाची समजूत असते. ती रूढ असली तरी खरी नव्हे. पिवळा फॉस्फरस हा मेणासारखा घन पदार्थ. तरीही तो रेल्वेच्या टँकरमधून जातो. १६ जुलै २००७ रोजी युक्रेनच्या ल्विव्ह प्रांतात ओझिदिव्ह गावाजवळ, कझाकस्तानातून पोलंडकडे निघालेल्या मालगाडीचे फॉस्फरसने भरलेले १५ टँकर घसरले आणि त्यांपैकी ६ पेटले. विषारी धुरामुळे आसपासच्या गावकऱ्यांना इस्पितळ गाठावे लागले. त्यापूर्वी, ८ जुलै १९८६ रोजी, अमेरिकेच्या ओहायो राज्यात मायामिसबर्ग येथे अशाच अपघातापायी हजारो नागरिकांना घरेदारे सोडावी लागली होती.

हा पदार्थ ४४ अंश सेल्सियसला वितळतो आणि दमट हवेत ३० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो. आमच्या किनाऱ्यावरील कोणतीही दुपार त्याला पुरेशी आहे! म्हणून तो वितळवून टाकीत भरतात, वर पाण्याचे किंवा नायट्रोजनचे आवरण ठेवतात. वाटेत तो गोठतो. उतरवताना बाहेरून ऊब देऊन पुन्हा पातळ करतात. मग त्याला म्हणावे काय? संयुक्त राष्ट्रांच्या यादीत त्याला दोन क्रमांक आहेत: घनरूपासाठी १३८१ आणि वितळलेल्या रूपासाठी २४४७. ज्याचा वितळणबिंदू २० अंश किंवा त्याहून कमी तो द्रव, असा सर्वसाधारण दंडक. युरोपच्या रस्ता-वाहतुकीच्या नियमांत भुकटी व दाणेदार मालाच्या टाक्यांना 'एस' आणि द्रवांच्या टाक्यांना 'एल' हे अक्षर आहे. फॉस्फरस मात्र गोठलेला असला तरी 'एल' वर्गाच्या, बुडाशी तोंड नसलेल्या टाकीतच जावा, असे तेथे ठरले आहे. नाव घन, टाकी द्रवाची. यात विसंगती नाही. तो भरताना कसा असतो आणि टाकी फुटल्यावर काय करील, याचाच हा विचार आहे.

आमच्या रस्त्यांवरून धावणारा डांबराचा टँकर घ्या. थंड झालेले डांबर दगडासारखे. पण शंभर अंशांवर तापवून नेले की तेच नवव्या वर्गातील धोकादायक द्रव ठरते.

खरा पेच चौथ्या वर्गात आहे. सहज पेटणारे घन पदार्थ, आपोआप पेटणारे पदार्थ आणि पाण्याशी संयोग होताच ज्वालाग्राही वायू सोडणारे पदार्थ, असे त्याचे तीन पोटविभाग. गंधक पहिल्यात, फॉस्फरस दुसऱ्यात, कॅल्शियम कार्बाइड तिसऱ्यात. जत्रेतील दुकानांत पूर्वी जे कार्बाइडचे दिवे जळत, ते पाण्याच्या थेंबांवरच. फॉस्फरस पेटला तर पाण्याचा मारा हाच आधार, आणि तो सुकला की पुन्हा पेटतो. कार्बाइडवर तोच मारा म्हणजे ॲसिटिलीनची निर्मिती. आषाढातील कोसळत्या पावसात घाटात उलटलेल्या वाहनापाशी पोहोचलेल्या जवानाने कोणत्या बाजूने विचार करावा, हे त्या वाहनावरील आकड्याने सांगायचे असते. माल पाठविणाऱ्याने वर्गीकरण चुकविले, तर त्याची किंमत तो जवान मोजतो.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत याची तरतूद आहे. वाहनावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक व दूरध्वनी दर्शविणारा फलक हवा. चालकाला एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता यावी. मालाची पुरेशी माहिती त्याला देणे ही पाठविणाऱ्याची जबाबदारी. नियम चांगले आहेत. पण वर्ग ठरविण्याआधी चाचणी झाली की जुन्या बिलावरून नाव उतरविले, हे नाक्यावरचा शिपाई कसे ओळखणार? फलक तपासणे सोपे, फलकामागचे सत्य तपासणे अवघड. म्हणूनच चाचणीचा दाखला वाहनासोबत ठेवण्याची सक्ती व्हावी, असे आमचे मत आहे.

राज्य सरकारने आणखी एक गोष्ट करावी. पत्रादेवी, केरी, मोले आणि पोळे या नाक्यांवर धोकादायक मालाच्या वाहनाचा क्रमांक नोंदवून तो पुढच्या अग्निशामक केंद्राला तात्काळ कळवावा. यासाठी नवे खाते नको, एक नोंदवही आणि एक दूरध्वनी पुरे. पावसाळ्यापूर्वी हे झाल्यास बरे.