हृदयाची भिंत जाड होते, ती बळकट होत नाही

हृदयविकार हा बंगल्यातल्या, खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा रोग, हा गैरसमज आपल्या वस्त्यांत अजून घट्ट आहे. ऐन चाळिशीतला माणूस कोसळला की 'अटॅक आला' म्हणून आपण मोकळे होतो. पण अटॅकची तयारी शरीरात अनेक वर्षे गुपचूप चाललेली असते.

कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय अवघे २२; तरी चारांपैकी तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या.

निरोगी धमनी प्रत्येक ठोक्याला रबरी नळीसारखी फुगते आणि ओसरते. आतल्या अस्तरात चरबी साचली, रक्तदाब चढा राहिला की ती ताठ होते. मग रक्त पुढे ढकलायला हृदयाला जादा जोर लावावा लागतो. डाव्या कप्प्याची भिंत साधारण १ सेंटिमीटर जाड असते, ती त्या जोराने वाढू लागते. हमालाचा दंड कमावला की ताकद येते. हृदयाचे तसे नाही. जाड झालेली भिंत नीट सैल होत नाही, कप्प्यात रक्त पुरेसे भरत नाही. वाढलेल्या स्नायूला रक्त जास्त लागते आणि पुरवणारी वाहिनी मात्र अरुंद झालेली असते. म्हणजे हे दोन वेगळे खटले नाहीत. आरोपी बहुतेक तेच आहेत : रक्तदाब, मधुमेह, तंबाखू.

अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे २००० सालापासून पाच हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांच्या हृदयाचा अभ्यास सुरू झाला. उपेक्षितांच्या हृदयाचाही हिशेब ठेवावा लागतो, हे तिथे मान्य झाले. नांदेड-लातूरच्या ऊसतोड कामगारांचा, वीटभट्टीवरच्या मजुरांचा असा हिशेब कोण ठेवणार?

२०१२ साली जीवनदायी योजनेच्या पहिल्या टप्प्यात नांदेड जिल्हा होता. २०१७ पासून ही योजना महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिच्यातून गरिबाची अँजिओप्लास्टी होते, याचे स्वागतच आहे. पण हा पैसा वाहिनी तुंबल्यावर मिळतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासावी, हे शासनाचेच धोरण आहे. मात्र दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर गाव सोडणाऱ्या कामगाराला ही तपासणी गाठणार कधी?

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे. आर्थिक अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात बजावले आहे.

म्हणून मागणी साधी आहे. टोळ्या निघण्यापूर्वी गावात आणि हंगामात कारखान्यावर रक्तदाब तपासा. उपकेंद्रात गोळ्या खंड न पडता द्या. नियमित औषधाने रक्तदाब आटोक्यात राहिला तर जाड झालेली भिंत पुष्कळदा कमीही होते.

बांधवांनो, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात लेखी नोंदवा. आणि यंदाच्या जयंतीला विहारात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणून ठेवा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला, तर काही दुखत नाही म्हणून घरी बसू नका.