संशोधनाचा निधी आणि कायद्याची शब्दयोजना

वैद्यकीय संशोधनात कोणता प्रश्न हाती घ्यावयाचा हे केवळ संशोधक ठरवितो, असा समज रूढ आहे. परंतु जेथे संशोधन मोठ्या प्रमाणावर सरकारी निधीवर चालते, तेथे प्रश्नांच्या निवडीत राज्यकर्त्यांचाही वाटा असतो. लिंगभिन्नतेच्या, म्हणजे स्त्री व पुरुष यांच्या शरीरधर्मांतील फरकाच्या, अभ्यासाचा अमेरिकेतील इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. मराठीत 'लिंगभेद' हा शब्द फरक आणि अन्याय या दोन्ही अर्थी वापरला जातो. म्हणून तो येथे टाळला आहे.

थॅलिडोमाइड या औषधाने गर्भावर घडविलेल्या अनर्थानंतर तेथील प्रशासन सावध झाले. गर्भधारणा संभवते अशा स्त्रियांना औषधपरीक्षणाच्या आरंभीच्या टप्प्यांतून वगळावे, असे अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्ये सुचविले. हेतू संरक्षणाचा असला, तरी त्यायोगे स्त्रीशरीराविषयीचे ज्ञान मागे पडले. हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी अ‍ॅस्पिरिनचा एक प्रसिद्ध अभ्यास २२,०७१ डॉक्टरांवर झाला. ते सर्व पुरुष होते. १९८९ च्या निष्कर्षानुसार त्यांच्यात पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. ३९,८७६ स्त्रियांवरील अभ्यासाचा निष्कर्ष मात्र २००५ मध्ये हाती आला. त्यात औषधाची मात्रा कमी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तथापि तेथे झटक्यांत लक्षणीय घट आढळली नाही, पक्षाघातात १७ टक्के घट आढळली.

या दोन निष्कर्षांमधील काळात राजकीय हस्तक्षेप घडला. 'नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ' या सरकारी संस्थेने १९८६ मध्ये संशोधनात स्त्रियांचा समावेश करण्यास प्रोत्साहन देणारे धोरण स्वीकारले होते. पॅट्रिशिया श्रोडर, ऑलिम्पिया स्नो व हेन्री वॅक्समन या लोकप्रतिनिधींच्या मागणीवरून शासकीय लेखापरीक्षकांनी त्याची तपासणी केली. धोरणाची अंमलबजावणी नीट झालेली नाही, असे १९९० मध्ये त्यांनी सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरात संस्थेत स्त्री-आरोग्य संशोधनाचे स्वतंत्र कार्यालय निघाले, आणि १९९३ मध्ये कायदा झाला.

धोरण आणि कायदा यांतील अंतर क्रियापदात सामावलेले आहे. धोरण 'प्रोत्साहन' देत होते. कायद्याने समावेश बंधनकारक केला. एवढेच नव्हे, तर उपचाराचा परिणाम स्त्रियांवर वेगळा होतो काय, याचे विश्लेषण शक्य होईल अशी मोठ्या चाचण्यांची आखणी असावी, असे त्यात म्हटले. आणि चाचण्यांतून वगळण्यासाठी खर्चाचे कारण अग्राह्य ठरविले. स्त्रियांना नुसते मोजणे आणि त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे या भिन्न गोष्टी होत, हा विवेक या शब्दयोजनेत दिसतो.

परंतु ज्या सत्तेने दार उघडले ती ते लोटूही शकते. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने सरकारी लेखनात सामाजिक अर्थाच्या 'जेंडर' या शब्दाऐवजी जैविक अर्थाचा 'सेक्स' हा शब्द योजण्याचे फर्मान काढले आणि 'जेंडर-विचारसरणी' म्हणून ज्याचे वर्णन केले त्यासाठी निधी नाकारला. शरीरधर्म व सामाजिक स्थिती यांचे परिणाम वेगवेगळे पारखावयाचे असतील, तर दोन्ही संज्ञा आवश्यक असतात. एकीच्या लोपाने तो अभ्यास दुर्बल होतो. पुढे एप्रिलमध्ये १,६१,८०८ स्त्रियांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या दीर्घकालीन अभ्यासाच्या प्रादेशिक केंद्रांचे करार संपविण्याचा निर्णय जाहीर झाला आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेण्यात आला.

राजकीय प्रभाव हा स्वभावतः अनिष्टच असतो, असा निष्कर्ष यातून निघत नाही. १९९३ चा कायदा हे राजकारणाचेच फळ होय. प्रश्न विचारण्याची सक्ती करणारी सत्ता आणि प्रश्नाची भाषाच हिरावून घेणारी सत्ता यांत मात्र भेद केला पाहिजे. पहिलीत उत्तर शोधण्याचे काम विज्ञानाकडे राहते. दुसरीत ते प्रश्नाबरोबरच नाहीसे होते.